चालेल किती, थांबेल कुठे

टायरच्या दुकानात माणूस दोन प्रश्न घेऊन येतो. स्वस्तातला कुठला आणि जास्त चालणारा कुठला? तिसरा प्रश्न, वेळेवर थांबणारा कुठला, हा सहसा हाडांच्या डॉक्टरकडे बाकावर बसून विचारला जातो. तोही नातेवाइकांकडून.

दुकानदारही मुरलेला असतो. ‘किती चालेल?’ असं विचारलं की तो टायरवर घोडा विकणाऱ्याच्या थाटात थाप मारतो आणि म्हणतो, ‘साहेब, गाडी विकाल, पण हा टायर बदलायची वेळ येणार नाही.’ गिऱ्हाईक खूश. वास्तविक हे वाक्य ऐकल्यावर गिऱ्हाइकाने दोन पावलं मागे सरकायला हवं. जो टायर झिजायलाच तयार नाही, तो रस्त्याला धरायलाही फारसा उत्सुक नसतो. रबराचं मिश्रण मऊ ठेवलं तर ते रस्त्याला चिकटतं आणि लवकर झिजतं. कडक ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर तुम्हाला सोडून पुढे जातं. टायर काळा दिसतो तो त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेली असते म्हणून. तिच्यामुळे रबराला ताकद येते, झीज कमी होते. ओल्या रस्त्यावर पकड हवी म्हणून सिलिका घालतात. बाकी गंधक, तेलं, रसायनं. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. पकड आणि टिकाऊपणा दोन्ही पूर्ण माप भरून, वर स्वस्तात, असा टायर अजून कुठल्याही कंपनीने बनवलेला नाही. जाहिरातीत मात्र दर सीझनला एक येतो.

हिशेब मांडायचाच असेल तर नीट मांडू. धरून चाला की रोज ऑफिसला जाणाऱ्या दुचाकीचा मागचा टायर 2,000 रुपयांचा आहे आणि 30,000 किलोमीटर चालतो. किलोमीटरला पडले जेमतेम 7 पैसे. शेजारचा ‘स्वस्तातला’ टायर 1,500 चा, पण 18,000 मध्ये आटोपला. म्हणजे सव्वाआठ पैसे. स्वस्त घेणारा इथेच हरला, पण दुकानातून बाहेर पडताना त्याच्या चेहऱ्यावर 500 रुपये जिंकल्याचा आनंद असतो, त्याला धक्का कशाला लावा? तिसरा टायर भारी पकडीचा, मऊ, 3,000 चा आणि 20,000 चालणारा. 15 पैसे. पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक 8 पैशांचा. वर्षाला 10,000 किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला हा फरक 800 रुपयांचा पडतो, म्हणजे दिवसाला सव्वादोन रुपये. तेवढ्यात टपरीवरचा कटिंग चहाही येत नाही. आणि त्याच किलोमीटरला पेट्रोल खातं 2 रुपये. त्याच्याबद्दल आपण फक्त सरकारला शिव्या देतो, सिग्नलला इंजिन मात्र चालूच ठेवतो.

आता हेही खरं की सगळ्यांना हा 8 पैशांचा दिलदारपणा परवडत नाही. दिवसाला 100 किलोमीटर तुडवणारा डिलिव्हरीवाला पोरगा वर्षाला 36,000 च्या पुढे जातो. त्याला हेच 8 पैसे जवळजवळ 2,900 रुपये होतात आणि ते कुठलंही ॲप भरून देत नाही. दोन्ही बाजूंना 40 लिटरच्या किटल्या अडकवून पहाटे चारला निघणारा दूधवाला, पणजीच्या किंवा म्हापशाच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन उभा असलेला गोव्याचा ‘पायलट’, यांच्यासाठी टिकाऊपणा ही हौस नाही, धंदा आहे. त्यांनी कडक रबराचा, जाड नक्षीचा टायर जरूर घ्यावा. आणि गंमत अशी की तो कसा हाताळायचा हे त्यांना बरोबर कळतं. दूधवाला कधी कुणाच्या बंपरला चिकटून जाताना दिसणार नाही. चिकटून जातो तो आयटी पार्कातला, दीड लाखाच्या गाडीवर सर्वांत स्वस्त टायर टाकलेला.

ब्रँडचं विचाराल तर आपल्याकडे टायर निवडण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे क्रिकेट बघणे. सचिनच्या बॅटवर एमआरएफचा स्टिकर होता, पुढे विराटच्या बॅटवर तोच आला आणि एका पिढीचा टायरबद्दलचा अभ्यास तिथेच पूर्ण झाला. बॅट विलोच्या लाकडाची असते, तिचा रबराशी संबंध दांड्याच्या ग्रिपपुरता, ही बाब कुणाला खटकली नाही. ही कंपनी 1946 मध्ये मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला खेळण्यातले फुगे बनवत होती. आणि मुंबईकर ज्या सीएटला भांडुपची घरचीच समजतात, तिचं नाव आलंय इटलीतल्या तुरीन शहरातून. म्हणजे स्वदेशी-विदेशीचा वाद घालणाऱ्यांना इथेही फारसा वाव नाही.

माझं मत विचारा, नाही विचारलंत तरी सांगतो. एमआरएफ, सीएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप, जेके यांच्यातला कुठलाही, गाडीच्या मापाचा, आयएसआय शिक्क्याचा, ताजा टायर घ्या. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला शहरात यांच्यात जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक तुम्ही त्यात हवा किती ठेवता याने पडतो. दीडशेच्या पुढची गाडी असेल, दर रविवारी ताम्हिणी किंवा वरंध घाट गाठायची खोड असेल, तर थोडे पैसे वाढवून दुहेरी मिश्रणाचा घ्या. मधला पट्टा कडक, दोन्ही कडा मऊ. सरळ रस्त्यावर मधला टिकतो, वळणावर कडा धरतात. ज्याचं सगळं आयुष्य घर ते सिग्नल आणि सिग्नल ते ऑफिस असं सरळ रेषेत चाललंय, त्याने कडांसाठी पैसे मोजू नयेत. त्याच्या टायरच्या कडांवरचे रबराचे केस कारखान्यातून आले तसे शेवटपर्यंत उभे राहतात.

टायरच्या बाजूला त्याची जन्मपत्रिका छापलेली असते. कुणी वाचत नाही. शंभर सीसीच्या गाडीच्या मागच्या टायरवर बहुतेक वेळा 80/100-18 आणि पुढे 54 पी असं काहीतरी असतं. 80 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 100 म्हणजे उंची त्या रुंदीच्या किती टक्के, 18 म्हणजे रिम किती इंची. पी म्हणजे हा टायर ताशी 150 किलोमीटरपर्यंत चालवता येतो. संध्याकाळी सहाला सिंहगड रोडवर त्यातले 15 वापरून दाखवा. खरी मेख आहे 54 मध्ये. 54 म्हणजे 54 किलो नव्हे, तर हा एक टायर जास्तीत जास्त 212 किलो पेलू शकतो, तेही हवा पूर्ण असताना. आता बाबा 80, आई 65, मधे बसलेली थोरली 25, टाकीवरचा धाकटा 15 आणि बाजूला टांगलेला भरलेला सिलिंडर, तो तिसेक किलोचा. झाले 215. गाडीचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही. काही वजन पुढचं चाक घेतं हे खरं, पण त्यानंतर ‘टायर बोगस निघाला’ म्हणत दुकानदाराशी हुज्जत घालायला जाणारे हेच बाबा.

याच भिंतीवर एका छोट्या लंबगोलात चार आकडे असतात. 2325 असेल तर 2025 सालचा 23 वा आठवडा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला टायर कारखान्यातून निघाला. दुधाच्या पिशवीवरची तारीख बोटाने चोळून चोळून वाचणारा, ब्रेडच्या पुड्यासाठी दुकानदाराला आतल्या रांगेतला काढायला लावणारा माणूस हे चार आकडे बघत नाही. मग त्याला ‘स्पेशल डिस्काउंट’मध्ये तीन वर्षं माळ्यावर पडलेला टायर मिळतो. दुकानदार म्हणतो, ‘जुना स्टॉक आहे, चांगला माल आहे, आता असा येत नाही.’ बरोबरच आहे. कसा येईल?

रबर बसून बसून म्हातारं होतं. आमच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये एका काकांची स्कूटर आहे. बँकेत जायला आणि भाजीला, एवढंच तिचं काम. वर्षं आठ, टायर कंपनीतून आलेलेच. काका अभिमानाने नक्षी दाखवतात. ‘बघ, अजून कशी उठून दिसतेय!’ नक्षी खरंच शाबूत आहे. पण वाकून बाजूला पाहिलं तर भिंतीला बारीक भेगा, नख आत जाईल एवढ्या. रबर दाबलं तर अंगठ्यालाच खळगा पडतो. पाच-सहा वर्षं झाली की किलोमीटरचा काटा काहीही म्हणो, टायर बदलायचा विचार करावा. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘अरे, पण झिजलाय कुठे?’ यावर उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते वयाने मोठे आहेत.

आता हवेकडे येऊ. टायरचं आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पेट्रोल पंपावर फुकट मिळतो आणि म्हणूनच कुणी घेत नाही. पंपाच्या कोपऱ्यात हवेचं मशीन असतं. त्यावर अधूनमधून ‘बंद आहे’ अशी पाटी असते. पाटी नसेल तर मुलगा नसतो. मुलगा असेल तर तो खांद्यावर पाइप टाकून मोबाइलमध्ये रील बघत असतो. तो मान वर न करता विचारतो, ‘किती?’ इथे आपली परीक्षा. शंभरातले नव्वद म्हणतात, ‘टाक अंदाजे.’ उरलेले दहा म्हणतात, ‘दोन्हीकडे पस्तीस मार.’ पस्तीस कुठून आलं? मेहुण्याने सांगितलं होतं. गाडीच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाच्या दांड्यावर कंपनीने स्टिकर लावलेला असतो. बऱ्याच साध्या गाड्यांना एकटे असाल तर पुढे 25, मागे 28 आणि डबल सीट असाल तर मागे 32 च्या आसपास लागते. तो स्टिकर चिखलाखाली असतो. चिखल पुसला की त्याखाली दुसरा स्टिकर सापडतो, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. तोही लागेल.

हवा कमी असेल तर टायर बसतो, त्याच्या भिंती प्रत्येक फेरीला दुमडतात, तापतात आणि दोन्ही कडा खाल्ल्या जातात. वर गाडी ॲव्हरेज देईनाशी होते. हवा जास्त असेल तर टायर मधे फुगतो, रस्त्याला नुसत्या मधल्या पट्टीने टेकतो आणि तेवढाच भाग सपाट होतो. मग गाडी वळणावर खाली जाताना अडखळते, ब्रेक लावला की घसरते. मेहुण्याच्या पस्तीसचा हा परिणाम. आठवड्यातून एकदा, सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. तीनशे-चारशे रुपयांत खिशात मावणारा गेज मिळतो. पण आपल्याकडे हवा तपासण्याचं अधिकृत साधन बूट आहे. टायरला एक लाथ, ‘आहे’ असा निर्वाळा, आणि स्वारी निघाली.

फुकटची हवा नाकारणारा माणूस पुढच्या चौकात 20 रुपये देऊन नायट्रोजन भरतो. हिरव्या टोप्या लावून मिळतात म्हणून. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. राहिलेल्या 22 टक्क्यांसाठी 20 रुपये. विमानाच्या टायरला नायट्रोजन लागतो, तुमची गाडी खड्ड्यातून उडत असली तरी ती विमानात मोडत नाही.

पुढचा ब्रेक. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, पालथा पडशील’ हे वाक्य महाराष्ट्रात बाप मुलाला गाडीच्या चावीसोबत देतो. त्यामुळे एक अख्खी पिढी फक्त मागच्या ब्रेकवर उभी राहून गाडी थांबवते. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, लॉक होतं आणि डांबरावर काळी रेघ ओढत जातं. ती रेघ तुमच्या टायरची आहे, तुमच्या पैशाची. गाडी थांबवण्याचं खरं काम पुढच्या चाकाकडे असतं, आणि नेमक्या त्याच चाकाचा टायर आपण दोनदा मागचा बदलून झाला तरी बदलत नाही. ‘पुढचा कुठे झिजतो?’ तो झिजतो हळू, पण म्हातारा त्याच वेगाने होतो. वरच्या काकांना विचारा. किंवा नका विचारू.

मग कॉलेजकुमार. याला मागचा टायर जाडजूड हवा. कंपनीने 100 रुंदीचा दिलेला, तर याला 130 चा टाकायचाय. रिम मात्र तीच अरुंद. मग टायर रिमवर चिमटला जातो, त्याची पाठ गोल होते आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो. कधी चेनकव्हरला घासतो, कधी मडगार्डला. ॲव्हरेज जातं ते वेगळंच. पण टपरीसमोर गाडी मागून ‘दिसते’. दिसणं हा ज्याचा उद्देश आहे, त्याने टायर न बदलता नवीन शर्ट घ्यावा, स्वस्त पडेल.

याच कुमाराचा टायर गोटा झाला आणि त्याला टोकलं, तर तो मोटोजीपीचा दाखला देतो. तिथे गुळगुळीतच टायर असतात म्हणे. असतात. ते अत्यंत मऊ रबराचे असतात, शर्यतीआधी त्यांना विजेच्या गोधड्या गुंडाळून तापवतात, आणि पाऊस आला की खाचांचे वेगळे टायर वापरतात. कोरड्या रस्त्यावर पकड रबर देतं. खाचांचं काम पाणी बाजूला काढणं. पाऊस चार महिने आणि टँकरची गळती बारा महिने असलेल्या शहरात खाचा असलेल्या बऱ्या. दुचाकीच्या टायरच्या खाचेची खोली 0.8 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये असा नियम आहे. एटीएम कार्डाची जाडी साधारण तेवढीच असते. टायरच्या भिंतीवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बारीक बाण शोधा, त्याच्या रेषेत खाचेत डोकावलात तर तळाशी रबराचा एक उंचवटा दिसेल. आजूबाजूचं रबर त्याच्या पातळीला आलं की खेळ संपला. हे बघायला खाली बसावं लागतं, पँटीला माती लागते. म्हणून बहुतेक लोक हा उंचवटा पंक्चरवाल्याकडेच पहिल्यांदा बघतात.

पंक्चरवाल्यावरून आठवलं. ट्यूबलेस टायरने एक सोय झाली. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, ट्यूबसारखा एकदम फुस्स होऊन माणूस आडवा होत नाही. पण या सोयीची आपण सवय करून घेतली. एका टायरमध्ये आठ-दहा दोऱ्या भरलेल्या मी पाहिल्यात, पंक्चरचं पासबुकच. मधल्या भागातलं साधं पंक्चर काढायला हरकत नाही. बाजूच्या भिंतीला छिद्र पडलं तर तिथे दोरी भरून घाटात जाऊ नये. ‘काय नाय होत साहेब’ असं तो म्हणेल. त्याला काय होणार?

शेवटी दुकान. भाव ठरला की दुकानदार विचारतो, ‘बिल पाहिजे का? मग जीएसटी लागेल.’ 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, पण काही दुकानदारांची धमकी जुन्याच दराने चालू आहे. बिल घ्या. टायरला फुगा आला, भिंत फाटली, तर कंपनी आधी बिल मागते, नंतर टायर बघते. बसवताना भिंतीवरचा बाण चाक ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला आहे ना, हे उभं राहून बघा. पोरगा घाईत असतो, त्याला दोन्ही दिशा सारख्याच. नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी आडवी टाकण्याची हौस आवरा. आणि वॉशिंग सेंटरवाला ‘टायर पॉलिश करू का?’ म्हणाला तर फक्त भिंतींना करायला सांगा. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला त्याने चमक आणली, तर पुढच्या वळणावर चकाकायची पाळी तुमच्या पाठीवर येईल.

जुना टायर दुकानातच राहतो. तो कुठे जातो याची चौकशी कुणी करत नाही. काही भंगारात जातात, काही विहिरीच्या कठड्याला, काही बालवाडीच्या झोक्याला. आणि काहींवर गरम पात्याने नव्या खाचा कोरल्या जातात, वर काळा रंग मारला जातो आणि ते दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या दुकानात ‘सेकंडहँड, कंडिशनमध्ये’ म्हणून 600 रुपयांना उभे राहतात. घेणारा खूश असतो. तोही विचारतो, किती चालेल? म्हणून निघताना एक करा. दुकानदाराकडून कटर मागून घ्या आणि जुन्या टायरच्या भिंतीत वीतभर चीर पाडा. तो वैतागेल, जुन्या टायरचे कबूल केलेले 50 रुपये कापेल. कापू द्या.